थरथरता हात आणि सोळापट लहान रणगाडा



इथे मी नेहमी बीपी, शुगर, थायरॉईड, डेंग्यू अशा विषयांवर लिहितो. आजचा विषयही आजाराचाच आहे, पण त्याच्याकडे मी एका रणगाड्याच्या वाटेने येणार आहे. खऱ्या नव्हे, रिमोटवर चालणाऱ्या, जेमतेम ३७ सेंटिमीटर लांबीच्या. तो माझ्या क्लिनिकमध्ये खुर्चीमागच्या कपाटावर ठेवलेला असतो. पेशंटबरोबर आलेली मुलं आधी त्याच्याकडे बघतात. मोठी माणसं मात्र माझ्या हाताकडे बघतात. औषधांची चिठ्ठी लिहिताना माझा उजवा हात थोडा थरथरतो. काहीजण स्पष्ट विचारतात, बहुतेक विचारत नाहीत. न विचारणाऱ्यांच्या मनात कोणता शब्द येतो ते मला ठाऊक आहे, कारण तोच शब्द माझ्याही मनात आला होता: पार्किन्सन.

रणगाडाच का?

मुलगी शाळेत असताना आम्ही तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय बघायला गेलो होतो. लष्कराच्या आर्मर्ड कोअरने १९९४ साली ते उभारलं. उघड्या आवारात रणगाडे ओळीने उभे आहेत. तुम्ही गेला नसाल तर मुलांना घेऊन जरूर जा. तिथून आल्यापासून हे यंत्र आतून कसं चालतं याचं कुतूहल डोक्यात राहिलं. पुढे मुलगी इंजिनिअर झाली, मी पन्नाशी ओलांडली, आणि रविवारची दुपार मोकळी मिळू लागली. तेव्हा १/१६ मापाचा शर्मन एम४ए३ मागवला.

शर्मन हा दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा. सुमारे ४९ हजार बनले. भारतीय सैन्याकडेही होते. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ असल उत्तरला जी मोठी लढाई झाली, तिच्यात आपली डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट शर्मन घेऊनच लढली. समोर त्याहून नवे पॅटन रणगाडे होते, आणि तरीही लढाई आपण जिंकली.

हे मॉडेल बरंचसं तयारच येतं. बॅटरी जोडली की चालतं. पण खरी मजा ते उघडून सुधारण्यात आहे. माझ्या मॉडेलचे पट्टे, चाकं, गिअर सगळं प्लॅस्टिकचं होतं. मी धातूचे पट्टे बसवायचं ठरवलं. इथे पहिला धडा मिळतो: एक भाग बदलून भागत नाही. धातूचा पट्टा जड. तो ओढणारं दातेरी चाक प्लॅस्टिकचंच ठेवलं तर त्याचे दाते झिजणार. चाक धातूचं केलं की ताण गिअरबॉक्सवर जाणार, म्हणून तोही पोलादी दात्यांचा हवा. मग चाकांना बेअरिंग हवेत, नाहीतर मोटर तापणार. पेशंटच्या बाबतीतही आम्ही हाच विचार करतो. एक औषध वाढवलं की किडनी, पोटॅशियम, बीपी अशी साखळी तपासत जावी लागते.

शर्मनचं ओढणारं चाक पुढे असतं आणि पट्ट्याचा ताण कमी-जास्त करायचं चाक मागे. रणगाड्याला मोटारीसारखं स्टिअरिंग नसतं. मॉडेलमध्ये दोन मोटर असतात, डाव्या पट्ट्याला एक, उजव्याला एक. एक बाजू हळू केली की रणगाडा तिकडे वळतो. पट्टा सैल असेल तर वळताना उतरतो, फार घट्ट असेल तर मोटरवर भार येतो. मुलगी सुट्टीला आली की सोल्डरिंग आणि वायरिंग तिच्याकडे. स्क्रू ठेवायला आठवड्याच्या गोळ्यांची सात खणांची डबी फार उपयोगी पडते. सोमवारच्या खणात बुरुजाचे स्क्रू, मंगळवारच्या खणात तळाचे.

बाकीची सजावट दवाखान्यातल्या सामानातून झाली. मुदत संपलेलं पण न वापरलेलं गॉज पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून घडी घातलं की ताडपत्री तयार. सलाईनच्या नव्या नळीचा पाईप झाला. इपॉक्सी पुट्टीच्या वाळूच्या गोण्या केल्या, कारण अमेरिकन सैनिक जास्तीचं संरक्षण म्हणून रणगाड्यावर अशा गोण्या रचत. शर्मनचा बुरुज ओतीव पोलादाचा असे, त्यामुळे तो गुळगुळीत दिसत नाही. पुट्टीचा पातळ थर देऊन जुन्या टूथब्रशने टोचला की तसा खरबरीतपणा येतो.

ब्रश हातात घेतल्यावर

सगळ्यात शेवटी कमांडरची मूर्ती रंगवायची होती. या मापात माणूस सुमारे ११ सेंटिमीटर उंच येतो. आपल्या डोळ्याचं बुबुळ साधारण १२ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे मूर्तीचं पाऊण मिलिमीटर. तेवढा ठिपका द्यायचा होता. मी ब्रश डोळ्यापाशी नेला आणि त्याचं टोक शिलाई मशीनच्या सुईसारखं हलू लागलं. ब्रश खाली ठेवला, हात मांडीवर ठेवला. हात शांत. पुन्हा उचलला, पुन्हा थरथर. मी तेव्हा ५३ वर्षांचा होतो.

त्या क्षणी मला माझे वडील आठवले. ते तालुक्याच्या गावी शिक्षक होते. त्यांचं फळ्यावरचं अक्षर गावात प्रसिद्ध होतं. साठीच्या आसपास त्यांचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीवर वाजायचा म्हणून ते अर्धाच कप भरून मागायचे. पंगतीत वाटीतलं वरण सांडतं म्हणून लग्नाला जाणं बंद केलं. काही लोकांना वाटलं मास्तर पितात. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल असं बोललं गेलं. पेन्शन काढताना बँकेत सही जुळेना, तेव्हा त्यांना अंगठा लावायला सांगितला. गावातल्या दोन पिढ्यांना लिहायला शिकवलेल्या माणसाने अंगठा लावला. घरी येऊन ते कुणाशी बोलले नाहीत. "म्हातारपण आहे, चालायचंच," एवढंच म्हणायचे. या थरथरीला नाव असतं, ती तपासता येते, हे त्यांना कधी कळलं नाही. मी तेव्हा शाळेत होतो.

वाचकहो, डॉक्टर झालं म्हणून भीती वाटायची थांबत नाही. हात टेकलेला असताना शांत आणि कामात थरथरतो याचा अर्थ काय हे मला पाठ होतं. तरी रात्री झोप येईना. पेशंटची नाडी बघणारा, शिरेत सुई लावणारा हात हा. अजून किती वर्षं काम करता येईल? मुलीच्या लग्नाचं, घराच्या कर्जाचं गणित डोक्यात फिरू लागलं. बायको म्हणाली, "अहो, दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?" मी त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. हा मुलगा इंटर्न असताना माझ्या वॉर्डात होता. आता मी त्याच्यासमोर पेशंटच्या स्टुलावर बसलो.

तपासणीत काय केलं?

हे सविस्तर सांगतो, कारण पेशंटना वाटतं की एमआरआय काढला की सगळं कळतं. तसं नाही. रक्ताच्या तपासण्या केल्या त्या दुसरी कारणं वगळण्यासाठी: थायरॉईड, शुगर, लिव्हर, किडनी. निदान मात्र बघून आणि करून घेऊन झालं.

हात मांडीवर ठेवून शंभरपासून उलटे सात-सात वजा करायला सांगितलं. मन दुसरीकडे गुंतलं की पार्किन्सनची थरथर उलट जास्त दिसते. माझा हात शांत राहिला. मग दोन्ही हात समोर पसरून धरले. बोटं थरथरली, दोन्ही हातांची, उजवीकडे थोडी जास्त. बोट नाकाला आणि मग त्याच्या बोटाला लावायला सांगितलं. एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतलं. कागदावर चकलीसारखी गोल रेघ आतून बाहेर काढायला सांगितली, हात टेबलाला न टेकवता. दोन ओळी लिहून घेतल्या. अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर आपटायला लावली. मनगट हलवून स्नायू ताठर आहेत का ते पाहिलं. शेवटी व्हरांड्यात चालायला लावलं आणि चालताना हात हलतात का ते बघितलं.

मग तो म्हणाला, "सर, हा पार्किन्सन नाही. ही थरथर तुमच्या वडिलांचीच आहे."

याला म्हणतात इसेन्शियल ट्रेमर. पार्किन्सनपेक्षा हा बराच जास्त आढळतो, पण नाव फारसं कुणाला माहीत नसतं.

दोन्हींत फरक कसा ओळखायचा?

पार्किन्सनची थरथर सहसा हात स्वस्थ असताना दिसते, सेकंदाला ४ ते ६ वेळा, बोटात गोळी वळावी तशी. ती एका बाजूला सुरू होते. मुख्य म्हणजे ती एकटी नसते. हालचाली मंदावतात, अंग ताठर होतं, चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक होत जातं. काहींना आधीपासून बद्धकोष्ठता असते किंवा वास कमी येतो.

इसेन्शियल ट्रेमर कामात दिसतो: कप उचलताना, सही करताना, सुईत दोरा ओवताना. साधारण दोन्ही हातांत असतो. अक्षर बारीक न होता वाकडंतिकडं आणि मोठं होतं. काहींची मान 'नाही-नाही' किंवा 'हो-हो' केल्यासारखी हलते, आवाज थरथरतो. बऱ्याच घरांत आई-वडिलांपैकी कुणाला तरी तो असतो. वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. त्याने जीव जात नाही, पण माणूस चारचौघांत जाणं बंद करतो, हे मी घरातच पाहिलं आहे. दारूचा घोट घेतल्यावर ही थरथर काहींना तात्पुरती कमी वाटते. कृपया तो उपाय करू नका. उतरल्यावर थरथर वाढते, आणि सवय लागते ती वेगळीच.

थरथरीची आणखीही कारणं असतात. थोडी थरथर प्रत्येकाच्या हातात असते. चिंता, जागरण, जास्त चहा-कॉफी याने ती दिसू लागते. वाढलेला थायरॉईड हे महत्त्वाचं कारण. दम्याच्या साल्ब्युटामॉलने, फिट्सच्या व्हॅल्प्रोएटने, लिथियमने, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हात थरथरतात. म्हणून डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, स्वतःहून कुठलीही बंद करू नका. चाळिशीच्या आतल्या व्यक्तीला नव्याने थरथर सुरू झाली तर विल्सन्स डिसीज हा शरीरात तांबं साठण्याचा आजार तपासावा लागतो, कारण त्याला औषध आहे.

तोफ स्थिर कशी राहते?

हे होतं कशामुळे, असं पेशंट विचारतात तेव्हा मी कपाटावरचा शर्मन खाली काढतो. खऱ्या शर्मनच्या तोफेला जायरो-स्टॅबिलायझर होता. रणगाडा खड्ड्यातून जाताना पुढे-मागे डुलतो, तोफेचं तोंड वर-खाली होतं. जायरोस्कोप हे डुलणं ओळखायचा आणि हायड्रॉलिक यंत्रणा तोफेला उलट दिशेने हलवून मूळ जागी आणायची. हे फक्त वर-खाली दिशेत चालायचं आणि नीट जुळवावं लागायचं. त्या कटकटीमुळे अनेक सैनिक ते बंदच ठेवत.

माझ्या मॉडेलमध्ये तोफ वर-खाली करायला एक छोटी सर्व्हो मोटर आहे. ती कधीकधी 'किर्र' करत जागच्या जागी थरथरते. ती ठरलेल्या जागेच्या किंचित पुढे जाते, चूक कळते, मागे येते, जास्त मागे येते, पुन्हा पुढे जाते. दुरुस्ती होत असते, पण थोडी जास्त आणि थोडी उशिरा.

आपला हातही असाच चालतो. लहान मेंदू, थॅलॅमस आणि मोठ्या मेंदूचा हालचालीचा भाग यांच्यात सतत दुरुस्तीचे निरोप फिरत असतात. इसेन्शियल ट्रेमरमध्ये या फेऱ्यात एक लय अडकून बसते असं मानलं जातं. म्हणून हात टेकलेला असताना शांत आणि नेम धरायला गेलात की थरथर. यात मनाचा कमकुवतपणा नाही. 'घाबरू नका, हात स्थिर ठेवा' असं कुणाला सांगून उपयोग नसतो. चारचौघांत लक्ष वेधलं की तो वाढतो, हे मात्र खरं.

उपाय काय?

सौम्य असेल तर औषध लागतंच असं नाही. लागलं तर प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन देतात. बऱ्याच जणांना फरक पडतो, पण थरथर पूर्ण जात नाही. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, म्हणून शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका. जेवणही हाताने जमत नाही इतका त्रास असेल तर मेंदूत इलेक्ट्रोड बसवणं किंवा केंद्रित अल्ट्रासाऊंड हे मार्ग आहेत. मी स्वतः कमी डोसची गोळी घेतो.

बाकीचं मला मॉडेलच्या टेबलाने शिकवलं. खरा शर्मन सुमारे ३० टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १६ पट लहान केली की वजन ४,०९६ पट कमी होतं, म्हणजे साडेसात किलोच्या आत-बाहेर. माझं मॉडेल साडेचार किलो भरतं. हलकं असल्याने ते दगडावरून उड्या मारत जायचं. तळाशी लोखंडी पट्ट्या बसवल्यावर चाल संथ झाली. हेच तत्त्व जड चमच्यात आहे. काहींना जड, जाड दांड्याच्या चमच्याने जेवताना सांडणं कमी होतं. मीही ब्रशला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवली.

दुसरी गोष्ट म्हणजे आधार. कोपर टेबलावर, मनगट जाड पुस्तकावर, आणि एका हाताची करंगळी दुसऱ्या हाताला टेकलेली. हात हवेत जितका कमी तितकी थरथर कमी. सही करताना, दाढी करताना, चहा पिताना हेच करा. वस्तू धरण्यापेक्षा ती शिकंज्यात अडकवा. थकल्यावर बारीक काम करू नका. कप अर्धा भरा, किंवा झाकणाचा कप आणि स्ट्रॉ वापरा, आणि त्याची लाज बाळगू नका.

काही कामं सोडावी लागतात. आजींच्या कागदासारख्या पातळ शिरेत सुई आता आमची सिस्टर लावते. हे जड गेलं, खोटं सांगत नाही. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, आणि सुई आजींना टोचते, माझ्या अभिमानाला नाही. कमांडरच्या डोळ्यांचं म्हणाल तर मी त्याच्या डोळ्यांवर गॉगल बसवला. रणगाड्याच्या धुळीत तो शोभतोही.

असा छंद करणाऱ्यांना दोन सूचना. थिनरचं झाकण उघडताना खिडकी उघडी ठेवा. अनेक थिनरमध्ये टोल्युईन असतं. त्याची वाफ दीर्घकाळ, भरपूर प्रमाणात नाकात गेली तर लहान मेंदूला इजा होते आणि त्यातूनही हात थरथरू शकतात. रंगकाम हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. आणि बटणाएवढे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने गिळला असा संशय जरी आला तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा. अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते.

मुलीचा प्रश्न

पट्टा जोडताना मुलीने एकदा विचारलं, "बाबा, मलाही होईल का रे?" मी तिला पेशंटला सांगतो तसंच सांगितलं. घराण्यात चालत आलेला असेल तर शक्यता निम्मी. झाला तरी सौम्य राहू शकतो, कदाचित साठीनंतर येईल. तो आधीच सांगू शकेल अशी नेहमीची रक्ततपासणी नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "निदान नाव तरी माहीत आहे." माझ्या वडिलांना तेवढंही मिळालं नव्हतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

थरथर नवी असेल, वाढत असेल किंवा कामात अडथळा आणत असेल तर दाखवा. सोबत हालचाल मंद झाली असेल, तोल जात असेल, वजन घटत असेल, छातीत धडधडत असेल तर लवकर दाखवा. मधुमेहाच्या पेशंटला अचानक थरथर, घाम आणि भूक लागली तर आधी साखर किंवा गोड सरबत द्या, मग शुगर मोजा. पेशंट शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटलला न्या. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा एका हातातली ताकद जाणं ही लक्षणं पक्षाघाताची असू शकतात. तेव्हा एक मिनिटही थांबू नका.

आणि आज एक काम करा. घरातल्या ज्येष्ठांना एक कोरा कागद द्या. त्यावर हात न टेकवता चकलीसारखी गोल रेघ काढायला सांगा, उजव्या हाताने एक, डाव्याने एक. खाली दोन ओळी आणि सही घ्या, तारीख टाका आणि कागद फाईलला लावून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा काढा. फरक दिसला तर दोन्ही कागद घेऊन या. त्यातून मला बरंच कळेल.